नीरजनंतर कोण, यापेक्षा दहावा कोण?

आपण एका जिल्हा अ‍ॅथलेटिक्स संघटनेचे काम नुकतेच हाती घेतले आहे आणि आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : नीरज चोप्रानंतर भारताकडे काय उरेल, फिनलंड किंवा जर्मनीसारखी भालाफेकीची परंपरा आपल्याकडे निर्माण करायची असेल तर परदेशी प्रशिक्षक आणि मोठ्या अकादम्या हाच मार्ग आहे का, आणि हाताशी फारसे पैसे नसलेल्या जिल्ह्याने यात नेमके काय करायचे आणि साहित्य कोणते घ्यायचे? मी गेली चोवीस वर्षे पश्चिम महाराष्ट्रात शालेय आणि कनिष्ठ गटातील फेकीचे खेळाडू घडवण्याचे काम करतो. त्यामुळे जे सांगतो आहे ते खालून वर पाहणाऱ्याचे मत आहे, हे ध्यानात ठेवून वाचावे.

आपल्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत, असे मला वाटते. जागतिक पदक मिळवणे आणि देशात भालाफेकीची फळी उभी राहणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि पहिलीतून दुसरी आपोआप येत नाही. पदक कुठूनही येऊ शकते. ग्रेनाडासारख्या चिमुकल्या बेटावरच्या अँडरसन पीटर्सने २०१९ आणि २०२२ साली जागतिक विजेतेपद मिळवले. केनियाच्या ज्युलियस येगोने सुरुवातीला यूट्यूबवरच्या चित्रफिती पाहून तंत्र उचलले, पुढे तो फिनलंडमधील कुओर्ताने येथे जाऊन शिकला आणि २०१५ साली ९२.७२ मीटर फेकून जगज्जेता झाला. मात्र येगोच्या मागे त्याच्या तोडीचा दुसरा केनियन आजही दिसत नाही. याउलट पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत फिनलंडचे तीन खेळाडू होते आणि तिघांपैकी एकालाही पदक मिळाले नाही. वर्तमानपत्राच्या दृष्टीने ती बातमीच नव्हती. माझ्या दृष्टीने मात्र जेमतेम ५५ लाख लोकसंख्येच्या देशाने जगातील पहिल्या बारांत तीन जागा व्यापणे ही त्या स्पर्धेतील सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट होती.

म्हणून मी देशाची, राज्याची किंवा जिल्ह्याची ताकद मोजताना पहिल्या क्रमांकाकडे पाहत नाही, दहाव्याकडे पाहतो. पहिला क्रमांक दैवी देणगीने आणि एखाद्या खमक्या वडीलधाऱ्याच्या हट्टाने येऊ शकतो. दहावा क्रमांक व्यवस्थेशिवाय येत नाही. या मापाने भारताची स्थिती दहा वर्षांपूर्वीपेक्षा निश्चित सुधारली आहे. २०२३ च्या बुडापेस्ट जागतिक स्पर्धेत नीरजने ८८.१७ मीटरवर सुवर्ण जिंकले, तेव्हा किशोर जेना पाचवा आणि डी. पी. मनू सहावा होता. २०२५ मध्ये टोकियोच्या जागतिक स्पर्धेला आपले चार पुरुष भालाफेकपटू गेले, नीरज आठवा राहिला आणि त्याच दिवशी सचिन यादवने ८६.२७ मीटरची आपली सर्वोत्तम फेक करून चौथा क्रमांक मिळवला. त्या दिवशी देशाने नीरजसाठी हळहळ व्यक्त केली. मी मात्र चौथा क्रमांक पाहून समाधानाने झोपलो. पण हे वरच्या टोकाचे चित्र आहे. आपल्या जिल्ह्याच्या सतरा वर्षांखालील मुलांच्या निकालपत्रात दहाव्या क्रमांकाची फेक किती आहे ते एकदा काढून पाहा, म्हणजे खालचे चित्र कळेल.

फिनलंडमध्ये ही फळी कशी आली? १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये पहिले चारही क्रमांक फिनलंडने घेतले आणि १९३२ साली लॉस एंजेलिसमध्ये तिन्ही पदके नेली. तेव्हापासून भाला हा तिथे घराघरात बोलला जाणारा विषय आहे. त्यांचा राष्ट्रीय खेळ पेसापाल्लो हा बेसबॉलच्या जातीचा असल्यामुळे मुले लहानपणापासून फेकतात. पिहतिपुदास नावाच्या छोट्या गावात दर उन्हाळ्यात भालाफेकीचा उत्सव भरतो, ज्यात नामवंत खेळाडू स्पर्धा करतात आणि लहान मुलांची शिबिरेही होतात. जर्मनीत शालेय क्रीडास्पर्धांत धावणे आणि उडी यांच्या जोडीला छोटा चेंडू लांब फेकणे ही ठरलेली बाब असते. दोन्हीकडे मूल भाला हातात धरण्याआधी अनेक वर्षे काहीतरी फेकत आलेले असते, ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

आपल्याकडे फेकणारे हात कमी आहेत असे कोणी म्हटले तर मी मान्य करणार नाही. जोंधळ्याच्या राखणीला गोफण फिरवणारी पिढी आता मागे पडली, पण टेनिस चेंडूवर दिवसभर वेगवान गोलंदाजी करणारी पोरे प्रत्येक गावात आहेत. सचिन यादव मुळात वेगवान गोलंदाज होता, किशोर जेना व्हॉलीबॉल खेळत होता आणि भालाफेकपटू अन्नू राणीने शेतात ऊस फेकून सुरुवात केली, हे सर्वश्रुत आहे. हात आहेत. तो हात ओळखणारा आणि पुढची पाच वर्षे त्याला न बिघडवणारा माणूस आपल्याकडे कमी आहे.

नीरजचाच प्रवास पाहा. पानिपतच्या शिवाजी स्टेडियममध्ये त्याला प्रथम भाला धरायला शिकवणारा जयवीर हा स्वतः भालाफेक करणारा वयाने मोठा मुलगा होता, पगारी प्रशिक्षक नव्हता. पुढे पंचकुलाला प्रशिक्षक नसीम अहमद भेटले, तिथे सिंथेटिक धावमार्ग मिळाला. फेब्रुवारी २०१६ मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत त्याने ८२.२३ मीटर फेकले आणि त्यानंतर ऑस्ट्रेलियाचे प्रशिक्षक गॅरी कॅल्व्हर्ट त्याच्या आयुष्यात आले. त्याच वर्षी पोलंडमध्ये ८६.४८ मीटरचा वीस वर्षांखालील जागतिक विक्रम झाला. पुढे उवे होन, क्लाऊस बार्टोनिएत्झ आणि नंतर यान झेलेझनी अशी नावे या साखळीत आली. झेलेझनीची १९९६ सालची ९८.४८ मीटरची फेक आजही जागतिक विक्रम आहे. अशा माणसाकडून नव्वदीच्या उंबरठ्यावरच्या खेळाडूला जे मिळते ते मी किंवा माझ्यासारखे शंभर जण देऊ शकणार नाहीत. २०२५ च्या मे महिन्यात दोहा येथे नीरजचा ९०.२३ मीटरचा आकडा आला, तो झेलेझनींच्या हाताखाली काम सुरू झाल्यानंतर. तेव्हा परदेशी प्रशिक्षक आणावेत का, याचे माझे उत्तर होकारार्थी आहे, मात्र त्यांचे काम ८० मीटरच्या पुढे सुरू होते. ४० ते ७० मीटरचा प्रवास इथल्याच माणसाने करून द्यायचा असतो आणि फळी तिथेच घडते किंवा तिथेच मोडते.

ती कशी मोडते हे मी माझ्याच चुकीवरून सांगतो. कामाच्या पहिल्या सात-आठ वर्षांत माझ्याकडे पंधरा वर्षांचा एक उंचापुरा मुलगा आला. दोन महिन्यांत तो तालुक्यात पहिला आला. मी हुरळून गेलो आणि आठवड्यातून तीन दिवस त्याच्याकडून पूर्ण धाव घेऊन पूर्ण जोराने, वयाला जड असलेल्या भाल्याने फेकी करून घेतल्या. राज्य स्पर्धेत त्याला पदक मिळाले, माझा सत्कार झाला आणि पुढच्या हंगामात त्याच्या कोपराच्या आतल्या बाजूला असा त्रास सुरू झाला की दप्तर उचलतानाही तो तोंड वाकडे करी. त्याने परत कधी भाला फेकला नाही. माझ्या जागी शहाणा प्रशिक्षक असता तर तो मुलगा आज आपल्या राज्याच्या यादीत दहावा तरी असता, असे मला अजून वाटते.

हे का घडते ते समजून घेतले पाहिजे. ९० मीटरच्या फेकीत भाला हातातून सुटताना त्याचा वेग सेकंदाला सुमारे ३० मीटर, म्हणजे ताशी १०८ किलोमीटरच्या आसपास असतो. उजव्या हाताच्या खेळाडूचा डावा पाय टेकल्यापासून भाला सुटेपर्यंत सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपासच वेळ मिळतो. धावून आलेल्या शरीराला तो ताठ डावा पाय एकदम रोखतो, तो वेग कमरेतून धडात, धडातून खांद्यात आणि शेवटी हातात चढतो. पाय गुडघ्यात मोडला की ही साखळी तुटते आणि खेळाडू उरलेले काम हाताने भरून काढायला जातो. कोपर खाली पडते, भाला बाजूने ओढला जातो आणि सगळा ताण कोपराच्या आतल्या अस्थिबंधावर येतो. मूल जितके ताकदवान, तितके ते ही चूक अधिक काळ लपवू शकते आणि निकालपत्रात ती चूक पदक म्हणून दिसते. नीरजलाही २०१९ साली मुंबईत कोपराची शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली, त्याचा तो हंगाम बुडाला आणि जानेवारी २०२० मध्ये दक्षिण आफ्रिकेत ८७.८६ मीटर फेकून तो परतला. त्याच्या पाठीशी उत्तम वैद्यकीय पथक होते. गावातल्या मुलाच्या पाठीशी फार तर हाडवैद्य असतो.

म्हणून आता माझ्याकडे बारा ते चौदा वयाची मुले भाला क्वचितच फेकतात. ती चेंडू, छोटे दगड, एक किलोचा मेडिसिन बॉल, बांबूचे तुकडे असे सगळे दोन्ही हातांनी फेकतात, अडथळे ओलांडतात, दोरीवर चढतात. पुढची दोन वर्षे हलक्या भाल्याने उभ्याने आणि तीन पावलांच्या फेकी होतात, आणि डावा पाय ताठ राहतो का हे मी आकड्याच्या आधी पाहतो. अठरा वर्षांखालील स्पर्धेत मुलांचा भाला ७०० ग्रॅमचा आणि मुलींचा ५०० ग्रॅमचा असतो, वरिष्ठ गटात तो ८०० आणि ६०० ग्रॅमचा होतो. वरच्या वजनाकडे जाण्याची घाई मी करत नाही. गोलंदाजीतून आलेल्या मुलांना पुढच्या पायावर अंग रोखण्याची सवय आयती असते, हा त्यांचा मोठा फायदा आहे. पण अंग बाजूला फार वाकवण्याची खोड त्यांच्याकडून सोडवून घ्यायला मला कधीकधी पूर्ण वर्ष लागते.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते प्रामाणिकपणे सांगतो. माझे हे वेळापत्रक ज्या गावात मुले बारा महिने असतात तिथे चालते. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतील मुले दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि उन्हाळ्यात परत येतात, म्हणजे नेमक्या स्पर्धांच्या दिवसांत ती मैदानावर नसतात. अशा मुलांसाठी निवासी क्रीडा प्रबोधिनीसारखी सोय हाच खरा उपाय आहे. शहरात उलट अडचण असते : मुले आहेत, पण शंभर मीटर मोकळी जागा नाही. आपला जिल्हा यांपैकी कोणत्या प्रकारात मोडतो ते मला ठाऊक नाही, त्यामुळे आराखडा आपल्यालाच बेतून घ्यावा लागेल.

प्रशिक्षकांबद्दल थोडे सविस्तर बोलतो, कारण फळीचा खरा प्रश्न मला तिथे दिसतो. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतून पदविका घेऊन दरवर्षी लोक बाहेर पडतात. त्यातील बरेच जण अकरा महिन्यांच्या करारावर कुठेतरी लागतात आणि करार संपला की दुसरी नोकरी शोधतात. भालाफेकपटू घडायला आठ-दहा वर्षे लागतात, आणि अकरा महिन्यांसाठी नेमलेला माणूस अकरा महिन्यांत दिसेल असाच निकाल काढणार. तो पंधरा वर्षांच्या मुलाला पिळणार, कारण त्याच्या नूतनीकरणाचा कागद त्या पदकावर अवलंबून आहे. शिवाय मुलगा चमकला की त्याला शिबिरात उचलले जाते आणि पहिल्या प्रशिक्षकाचे नाव पुढे कुठल्या कागदावर राहत नाही. मग आपला चांगला मुलगा वर पाठवायला तो नाखूश होतो, ही मानवी गोष्ट आहे. वरच्या आणि खालच्या प्रशिक्षकाने वर्षातून दोन वेळा एकत्र बसून त्या खेळाडूची वही पाहणे, एवढी साधी प्रथा जरी पडली तरी दोघेही शिकतील. झेलेझनींसारखा माणूस भारतीय खेळाडूला शिकवत होता तेव्हा त्याच्या शेजारी किती तरुण भारतीय प्रशिक्षक वही घेऊन उभे होते, हा प्रश्न मला नेहमी पडतो. पदक खेळाडू घरी आणतो, पद्धत मात्र प्रशिक्षकानेच आणावी लागते.

दुसरी गळती अठरा ते तेवीस या वयात होते. ६५ मीटर फेकणारा मुलगा पदकापासून दूर असतो आणि घरच्यांच्या दृष्टीने तो केवळ वेळ घालवत असतो. एक गंमत सांगतो. कोणत्याही तालुक्याच्या मैदानावर पहाटे गेलात तर गोळा फेकणारी दहा-वीस मुले हमखास दिसतील, कारण पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत गोळाफेक आहे. भाला त्या चाचणीत नाही, म्हणून भाल्याला ही आयती गर्दी लाभत नाही. खेळाडूंसाठीचे पाच टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी आधी मोठे पदक लागते. सैन्याने मात्र ही दरी बऱ्याच अंशी भरली आहे. पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्ये २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेचे कांस्यविजेते काशिनाथ नाईक यांनी प्रशिक्षणाचे काम केले, आणि तिथल्या मैदानाला २०२१ साली नीरजचे नाव दिले गेले. नोकरी, खुराक आणि सरावाची वेळ एकाच ठिकाणी मिळाली की सत्तर मीटरवरचा मुलगा आणखी चार वर्षे टिकतो, आणि टिकला तरच तो ऐंशीपर्यंत पोहोचतो. याच वयात उत्तेजकांचा मोहही होतो, कारण पाच-सात मीटरच्या फरकावर नोकरी ठरत असते. आपल्या संघटनेने निदान कनिष्ठ खेळाडूंना आणि पालकांना याबद्दल लेखी माहिती द्यावी. ‘ताकदीचे इंजेक्शन’ देणारे लोक व्यायामशाळेतच भेटतात.

मुलींच्या बाजूला फळी अजून विरळ आहे. अन्नू राणीने २०२२ मध्ये ६३.८२ मीटरचा राष्ट्रीय विक्रम केला आणि २०२३ मध्ये हांगझोऊला आशियाई सुवर्ण जिंकले. तिच्या मागे मोठी मोकळी जागा आहे. ज्या जिल्ह्याला लवकर राष्ट्रीय पातळीवर पोहोचायचे असेल त्याने मुलींवर लक्ष द्यावे, असा माझा व्यवहारी सल्ला आहे. जपानच्या हारुका कितागुचीने चेक प्रशिक्षकाकडे जाऊन पॅरिसचे सुवर्ण ६५.८० मीटरवर मिळवले. त्या अंतराकडे पाहिले तर ही वाट आपल्या मुलींसाठी अशक्य नाही.

स्पर्धांविषयी एक तक्रार आहे. नीरजच्या २०२१ मधील टोकियो ऑलिंपिक सुवर्णाची आठवण म्हणून ७ ऑगस्ट हा भालाफेक दिन ठरला आणि त्या सुमारास जिल्होजिल्ही स्पर्धा घेण्याची कल्पना आली. हेतू उत्तम आहे. पण आपल्याकडे त्या दिवसांत मातीच्या धावमार्गाचा चिखल झालेला असतो आणि डावा पाय घसरला तर गुडघाच जायचा. दिन जरूर साजरा करावा, त्या दिवशी मुलांना चेंडू फेकायला लावावे, तंत्राची चित्रफीत दाखवावी. खरी स्पर्धा डिसेंबर-जानेवारीत घ्यावी आणि एक मोठी घेण्याऐवजी महिन्याला एक अशा चार छोट्या घ्याव्यात. बारा मुले, सहा फेकी, एक टेप आणि दोन पंच एवढ्यात ती होते.

साहित्याबाबत आपण विचारलेत म्हणून सांगतो. भाल्यांवर ५०, ६०, ७० असा अंतराचा दर्जा असतो, म्हणजे किती मीटर फेकणाऱ्यासाठी तो भाला आहे याचा आकडा. आयात केलेले उच्च दर्जाचे भाले लाखाच्या घरात जातात आणि खरेदी समितीला सर्वांत महाग तेच चांगले वाटते. एका संस्थेने असाच नव्वदच्या दर्जाचा भाला आणला आणि खराब होईल म्हणून कपाटात ठेवला. तो फेकला असता तरी उपयोग नव्हता, कारण ताठ आणि बारीक टोकाचा भाला चाळीस मीटर फेकणाऱ्या मुलाची कोनातली चूक जराही पोटात घालत नाही. तेवढ्या पैशांत ५०-६० च्या दर्जाचे बरेच अ‍ॅल्युमिनियमचे भाले, पंधरा-वीस बांबूचे भाले आणि शंभर टेनिस चेंडू येतील. बांबूचा भाला स्पर्धेसाठी कामाचा नाही, पण उभ्याने फेकीचा सराव त्यावर उत्तम होतो आणि तो मोडला तर कोणी रागवत नाही.

आणि या सगळ्याच्या आधी मुख्याध्यापकांना भेटावे लागेल. भाल्याने अपघात होईल या भीतीने अनेक शाळा तो कुलपात ठेवतात आणि ही भीती निराधार नाही. माझ्या मैदानावर सगळे एकाच बाजूने, एका शिट्टीवर फेकतात आणि दुसऱ्या शिट्टीशिवाय कोणी पुढे जात नाही. भाला आणायला चालत जायचे, धावायचे नाही, कारण जमिनीत रुतलेल्या भाल्याचे वर आलेले शेपूट डोळ्याच्या उंचीवर असते. उपटण्याआधी मागे कोणी आहे का ते पाहायचे आणि भाला उभा धरून परत यायचे. हे चार नियम मोठ्या अक्षरांत लिहून, शिट्टी गळ्यात अडकवून आपण स्वतः एक तास मुलांकडून करून दाखवले, की मुख्याध्यापक बहुधा किल्ली देतात.